फेलसेफ तपास, पण आधी पाती काढ
फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय, तपासल्याशिवाय रिमोटवरचं हेलिकॉप्टर हवेत नेऊ नकोस. मुख्य आणि शेपटीची पाती काढ, मॉडेल घट्ट बांध, बोटं गिअरपासून लांब ठेव. मोटर हळू चालू करून ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सरळ बंद कर. क्षणभरात मोटर थांबायलाच हवी. फिरतच राहिली, तर रिसीव्हर (मॉडेलमधला सिग्नल घेणारा भाग) शेवटचा थ्रॉटल, म्हणजे मोटरच्या वेगाची आज्ञा, धरून बसलाय. म्हणजे सिग्नल गेल्यावरही पाती पूर्ण वेगात फिरणार, आणि ती माणसाला लागली तर फार भयंकर. अशा वेळी थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) लावूनच ट्रान्समीटर चालू कर, मोटर थांबली की बॅटरी काढ. बऱ्याच रिसीव्हरमध्ये फेलसेफ बाइंड करतानाच, म्हणजे रिसीव्हर ट्रान्समीटरशी जोडतानाच, साठतो. त्यामुळे थ्रॉटल अगदी खाली ठेवून पुन्हा बाइंड कर. रेंज टेस्ट (सिग्नल किती लांब पोचतो ते पाहणं) वेगळी, तीही करच. रिसीव्हर बदललास की सगळं नव्याने तपास.