खिडक्या मोजून या

"मॅडम, भाव तीस टक्के पडणार आहेत. मी थांबलोय."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यानं हे सांगून टाकलं. शेजारी बायको. तिनं पर्स मांडीवर घेतली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे 2019 पासून थांबलेत."

मी बँकेत सत्तावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी गृहकर्जाच्या टेबलावर. निवृत्तीनंतर दर शनिवारी ठाण्यात नौपाड्यात बसते. लोक घर, कर्ज, हप्ते असले प्रश्न घेऊन येतात. निम्म्यांचा प्रश्न ठरलेला: आत्ता घेऊ की भाव पडेपर्यंत थांबू? उरलेल्या निम्म्यांनी घर घेतलेलं असतं आणि भाव पडतील म्हणून त्यांची झोप उडालेली असते. हे जोडपं पहिल्या गटातलं. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

तो ऐरोलीला आयटीत, ती ठाण्यात शिक्षिका, मुलगी सातवीत. कोपरीत भाड्यानं राहतात, घर नवी मुंबईत बघताहेत. 2019 ला भाडं 17 हजार होतं, आता 25. बायकोचा हिशोब तयार होता: सहा वर्षांत 15 लाख भाड्यात गेले. इथं मी त्याची बाजू घेतली. भाडं म्हणजे पाण्यात टाकलेले पैसे, हे आपल्याकडे घरोघरी ऐकवतात, पण ते खरं नाही. डोक्यावर छप्पर होतं, त्याचे ते पैसे. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो, त्याला कुणी पाण्यात म्हणत नाही. त्याला बरं वाटलं असावं, कारण त्यानं लगेच मोबाईल काढला.

त्यात 'मार्केट' नावाचा अल्बम होता. चारशेच्या वर स्क्रीनशॉट. विक्री घटली, न विकलेली घरं वाढली, चीनमध्ये बिल्डर बुडाला, अमेरिकेत व्याज वाढलं, अमुक तज्ज्ञ म्हणतो फुगा फुटणार. मी म्हटलं, "यातला ऐरोलीचा एक दाखवा." तो बोटानं वर सरकवत राहिला. मग खाली. मिनिटभरानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"तीस टक्के हा आकडा कुठून आला?" मी विचारलं.

बातम्यांमधून, असं आधी म्हणाला. मग थोडं थांबून, "दादाचं तर अर्ध्यावर आलं होतं. मी तीसच धरलेत."

मोठा भाऊ अमेरिकेत, फीनिक्सला. 2006 मध्ये घर घेतलं आणि 2010 मध्ये सोडलं. सोडलं म्हणजे बँकेला चाव्या देऊन भाड्याच्या घरात गेला. इकडे आई फोनवर रोज विचारायची, घराला रंग दिलास का, तुळस लावलीस का. दोन वर्षं तिला कुणी काही सांगितलंच नाही. बायकोला एवढंच माहीत होतं की दादांनी 'जागा बदलली'. तिनं नवऱ्याकडे वळून बघितलं. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, म्हणून त्या गाठीत फार हात घातला नाही. पण एक प्रश्न सुचला. "तुमचं अजून कुणी आहे का अमेरिकेत?" उत्तर बायकोनं दिलं. "मामेभाऊ आहेत, डॅलसला. त्यांचंही त्याच सुमारास घेतलेलं. अजून तिथंच राहतात."

देश एक, साल जवळपास एक, बातम्याही त्याच. पण या दोन घरांना त्यानं कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

2006 पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत अमेरिकेत घरांचे भाव देशपातळीवर सुमारे 27 टक्के उतरले. बातमीत हाच आकडा येतो. त्याच्या पोटात फीनिक्स अर्ध्याहून जास्त पडलं, लास वेगास साठ टक्क्यांहूनही जास्त, आणि डॅलस साधारण दहा-अकरा टक्क्यांत निभावलं. तो म्हणाला, फीनिक्सला वाळवंट, जमीन हवी तेवढी, म्हणून घरं जास्त झाली. बरोबर, पण जमीन डॅलसलाही भरपूर आहे. फरक आधीच्या वर्षांत पडला होता. फीनिक्समध्ये भाव दोन-तीन वर्षांत वेड्यासारखे चढले. घेणाऱ्यांत पुढच्याला विकायला घेणारे खूप, कर्जही मागाल तेवढं. डॅलसला ते फारसे चढलेच नव्हते, तर पडणार कुठून? शिवाय डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासच्या राज्यघटनेतच बंधन आहे: राहत्या घरावर वाढीव कर्ज काढायचं तर सगळं कर्ज मिळून किमतीच्या 80 टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. भाव वाढला की घर पिळून पैसे काढायचे, हा खेळ तिथं रंगला नाही.

आणि डेट्रॉईट? तिथंही भाव जवळपास निम्म्यावर आले, पण फीनिक्ससारखी चढती कमान तिथं नव्हतीच. मोटारीचे कारखाने बसले, नोकऱ्या गेल्या, माणसं गेली.

हे ऐकल्यावर तो लगेच म्हणाला, "म्हणजे ऐरोलीत आयटीच्या नोकऱ्या गेल्या तर भाव पडतील." मी म्हटलं, पडतील की. आणि त्या दिवशी तुमची नोकरी कुठे असेल? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या ज्या दिवशी माणसं काढतील, त्या दिवशी ऐरोलीत घर स्वस्त मिळेल, पण कुठली बँक तुमची सॅलरी स्लिप बघून कर्ज देईल? तुम्ही ज्या घसरणीची वाट बघताय, तिच्यात सगळ्यात आधी तुम्हीच सापडाल. माझ्या टेबलावर असे बरेच जण येऊन गेले. भाव उतरले तेव्हा त्यांच्या हातात पैसा नव्हता, आणि पैसा आला तेव्हा भाव उतरलेले नव्हते.

हे ऐकताना बायकोचा चेहरा जरा जास्तच उजळला, म्हणून तिलाही सांगावं लागलं की आपल्याकडे भाव पडतच नाहीत असं मुळीच नाही. 1995 च्या सुमारास मुंबई-ठाण्यात भाव शिगेला पोचले आणि नंतर चार-पाच वर्षं उतरत राहिले. आम्ही नेमकं 1995 ला वर्तकनगरला घेतलं. 1999 मध्ये वरच्या मजल्यावर तेवढाच फ्लॅट एकानं आमच्यापेक्षा दीड लाखानं कमी देऊन घेतला आणि सत्यनारायणाला आम्हाला बोलावलं. प्रसादाचा शिरा तुपात थबथबलेला होता. मला गोड लागला नाही.

पण अलीकडे आपल्याकडची घसरण बहुतेक वेळा आकड्यात दिसतच नाही. 2014 ते 2020 या काळात कित्येक ठिकाणी भाव नुसते उभे राहिले. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, मग बिल्डरांसाठीचा रेरा कायदा, मग 2018 मध्ये वित्तसंस्थांची पैशाची कोंडी. बिल्डर दर कमी करायचा नाही. स्टँप ड्युटी आम्ही भरू, मॉड्युलर किचन देऊ, पार्किंग फुकट घ्या, असं चालायचं. समजा 60 लाखांचा फ्लॅट सहा वर्षांनी 60 लाखांनाच गेला आणि महागाई वर्षाला साडेचार टक्के होती, तर जुन्या पैशात त्याचे 46 लाखच झाले. जवळपास चौथाई गेली, आणि 'भाव पडले' असं कुणीच म्हटलं नाही. तो ज्या घसरणीची वाट बघत होता, तिचं शेपूट 2019 मध्ये त्याच्या समोरून गेलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारनं मुद्रांक शुल्क चार महिन्यांसाठी दोन टक्क्यांवर आणलं, तेव्हाही तो थांबलाच होता. हे त्याला बोललं की लागतं, म्हणून हळू बोलले. लागलंच.

दादासारखं इथं होत नाही, त्याचं कारणही सांगितलं. अ‍ॅरिझोनात म्हणजे दादाच्या राज्यात, राहतं घर घ्यायला काढलेल्या मूळ कर्जात चाव्या टाकून निघून गेलं, तर घर विकून कमी पडलेली रक्कम बँकेला बहुतेक वेळा मागता येत नाही. म्हणून हजारो जणांनी चाव्या टाकल्या, ती घरं एकदम बाजारात आली आणि भाव आणखी खाली गेले. आपल्याकडे बँक घर विकते आणि उरलेल्यासाठी तुमच्या मागेही येते. शिवाय कर्ज देतानाच हात आखडता असतो. 75 लाखांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच मिळतं. त्यामुळे आपला माणूस सोनं मोडतो, पीएफ काढतो, पण हप्ता भरतो. भाव कोसळत नाहीत. माणसं मात्र वर्षानुवर्षं अडकतात.

खरा वाद पुढेच होता. तिला ऐरोलीत रिसेलचा जुना वन बीएचके हवा होता; चार मजले, लिफ्ट नाही. घ्यायचंच तर त्याला उलवे हवं होतं. नवा टॉवर, जिम, विमानतळ हाकेवर. (तीस टक्क्यांची वाट बघणारा माणूस आतून टॉवरची ब्रोशर जपून ठेवतो. नवल नाही, मीही ठेवायचे.) दोन्ही नवी मुंबईच. पण राष्ट्रीय आवास बँकेच्या निर्देशांकातसुद्धा ठाणे, नवी मुंबई, पनवेल, कल्याण-डोंबिवली वेगवेगळे मोजतात, आणि नवी मुंबईच्या पोटात ऐरोली आणि उलवे यांचं गोत्र एक नाही. ऐरोलीत पुढे बांधायला मोकळी जागा थोडीच, आणि चालत कामावर जाणारी माणसं. उलव्यात भाव गेली पंधरा-सोळा वर्षं येणाऱ्या गोष्टींवर चढलेत: पूल येणार, लोकल येणार, विमानतळ येणार. त्यातलं बरंचसं आलंही. उलव्यातल्या खारकोपरपर्यंत लोकल 2018 मध्ये, अटल सेतू 12 जानेवारी 2024 ला, विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला. पण जे यायचं होतं त्याचे पैसे विकणाऱ्यानं आधीच घेतलेले असतात.

"मग उलवे वाईट?" त्यानं विचारलं. तसं मी म्हटलं नव्हतं. म्हटलं, एक काम करा. मधल्या वारी, मंगळवार-बुधवारी, रात्री सव्वानऊला दोन्ही इमारतींच्या खाली उभे राहा आणि पेटलेल्या खिडक्या मोजा. वॉचमनला विचारा, कुलूपं किती आणि भाडेकरू किती. आणि नोंदणी विभागाच्या साइटवर त्या दोन इमारतींचे इंडेक्स टू काढा. जाहिरातीतला दर मागणाऱ्याचा असतो, इंडेक्स टूमध्ये झालेला व्यवहार दिसतो. पूर्वी तोही पूर्ण खरा नसायचा, हे माझ्या पिढीला सांगायला नको.

तीन आठवड्यांनी आले. या वेळी तिच्या हातात मुलीची चौकटीची वही होती आणि वहीत दोन इमारतींची चित्रं, मजल्यागणिक चौकोन, पेटलेले पिवळ्या स्केचपेननं रंगवलेले. उलव्याच्या टॉवरमध्ये 56 फ्लॅट, दिवे 19. ऐरोलीत 16 फ्लॅट, दिवे 14. "काही जण झोपले असतील," असं तो तिथंही म्हणाला होता म्हणे, त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, सव्वानऊला?" टॉवरचा वॉचमन तर विचारायच्या आधीच बोलला: "साहेब, हे बहुतेक कुलूपवाले. दिवाळीला येतात, साफ करून जातात."

इंडेक्स टूमध्ये त्याला टॉवरच्या एकाच वर्षातल्या दोन नोंदी सापडल्या. एरिया तोच, मजलाही तोच, फरक साडेसहा लाखांचा. कुणाला तरी घाई होती. मी म्हटलं, तुम्ही शोधताय ती घसरण अशी दिसते. ती पेपरात येत नाही. ज्या इमारतीत घाईवाले जास्त, तिथं ती पुन्हा पुन्हा येते, आणि 37 अंधाऱ्या खिडक्यांमागे नक्की कितींना घाई आहे ते आज कुणालाच ठाऊक नसतं. त्यात समोर आणखी चार टॉवर उभे राहत असतील तर बघायलाच नको. राहायला जाणार असाल आणि पंधरा वर्षं हलणार नसाल, तर उलव्यात हे सोसूनही माणूस सुखानं राहील. पाच वर्षांत विकून वर जायचा बेत असेल, तर मी घाबरेन.

त्याला विचारलं, समजा ऐरोलीचं घर घेतलं आणि दोन वर्षांत दहा टक्के उतरलं, तर हप्ता थांबेल का? नाही. दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने बंद झाला तर? त्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तेवढी रक्कम बाजूला ठेवली तर कर्ज आठ लाखांनी वाढत होतं. वाढू दे, असं मी सांगितलं. काही लोकांना हा सल्ला उफराटा वाटतो, पण डाउन पेमेंटला शेवटचा रुपया ओतून रिकाम्या खिशानं गृहप्रवेश करणारे मी फार पाहिलेत.

ऐरोलीचा मालक मात्र अडून बसला होता. त्यानं 2014 ला घेतलेलं, वर व्याजाचा हिशोब धरून एक आकडा कागदावर लिहून ठेवलेला, त्याच्या खाली यायला तयार नव्हता. 1990 च्या दशकात बॉस्टनमध्ये फ्लॅट विकणाऱ्यांचा अभ्यास झाला होता, त्यातही हेच दिसलं होतं: ज्यांना तोट्यात विकायची वेळ आली, ते मागायचे जास्त आणि थांबायचेही जास्त. हे सांगितलं तेव्हा बायको हसली. "म्हणजे तो पण यांच्यासारखाच." तोही हसला, जरा उशिरा.

त्यानंतर महिनाभर काही कळलं नाही. परवा दुपारी जेवून आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. मागून लोकलची उद्घोषणा ऐकू येत होती, रबाळे की घणसोली ते कळलं नाही.

"मॅडम, घर नावावर करायचे सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस कोण भरतं? विकणारा की घेणारा?"

म्हटलं, दोघांचं ठरेल तसं. पण टोकन द्यायच्या आधी कागदावर लिहून घ्या.