मोराचा पिसारा दिवाळीपर्यंत टिकत नाही

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेची सोळा पानं मिळाली. रात्री जेवणं झाल्यावर एकदा पाहिली, सकाळी चहाबरोबर पुन्हा. रेघ छान आहे, कुठे चाचरत नाही. खारूताई गळ्यात मफलर गुंडाळून तांबड्या-पिवळ्या पानांच्या ढिगातून अक्रोड उचलते आणि चौथ्या पानावर बर्फ पडायला लागतो. आता मला सांग, तू कऱ्हाडची. गोळेवाल्याची गाडी सोडून कऱ्हाडात बर्फ पाहिलास कुठे?

चिडू नकोस. आम्हीही आधी दुसऱ्यांचेच ऋतू काढायला शिकलो, कारण समोर ठेवून गिरवायची पुस्तकं तिकडची होती. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली. ती होते न होते तोच उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. तांबडी पानंच काढायची हौस असेल तर कुसुमाची काढ. त्याची कोवळी पालवी लालभडक असते, चैत्राच्या आगेमागे येते. तिकडचं लाल पान म्हातारं, आपलं तान्हं. एवढ्या एका गोष्टीवर तुझा एक अख्खा अंक निघेल.

चार ऋतूंचे चार अंक ही योजनाही सोड. सहाही नकोत, हेमंत कुठे संपला नि शिशिर कुठे लागला हे मलाच धड सांगता येत नाही. त्यापेक्षा आजीकडचं पंचांग उघड आणि पावसाची नक्षत्रं बघ. मृगापासून हस्तापर्यंत नऊ, प्रत्येक साधारण तेरा-चौदा दिवसांचं, मृग लागतं 7-8 जूनला. प्रत्येकापुढे एक वाहन छापलेलं असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर असं मानतात. मोर, उंदीर, गाढव आले तर मध्यम. घोडा आला तर डोंगरावर बरसणार. कोल्हा नि मेंढा निघाले की पाऊस ओढ देणार म्हणून सगळे तोंड वाकडं करतात.

पाऊस खरोखर त्या हिशोबानं पडतो का, हे आपण हवामान खात्यावर सोडू. तुला आयती पात्रं मिळाली, स्वभावासकट. आणि त्यात एक गोम आहे. हे वाहन कायमचं ठरलेलं नसतं. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून ते काढतात. त्यामुळे एखाद्या वर्षी गाढवाचा नंबर दोनदा लागू शकतो आणि म्हैस ताटकळत बसते. ज्याला मनापासून पाऊस आणायचाय, पण ज्याचं नाव निघताच गावाचा चेहरा पडतो, त्या मेंढ्याची गोष्ट मला वाचायची आहे. शिवाय पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणतात. संवाद अर्धे तिथेच लिहून झाले की!

आता मुख्य तक्रार. तुझ्या पानांतला ऋतू मागच्या पडद्यावर रंगवलेला आहे. पडदा बदलला तरी खारूताईचं काही बिघडत नाही. ऋतूनं पात्राच्या अंगाला हात लावला पाहिजे. पहिल्या जोरदार पावसानंतर शेतात जाऊन रानबेडूक बघ. एरवी मातकट-हिरवा असणारा मोठा नर त्या दिवसांत हळदीसारखा पिवळा होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगतात. थोड्या दिवसांत तो रंग उतरतो. पिवळं असताना त्यानं गावभर मिरवून घेतलं, आणि मग? दुसऱ्या अंकात त्याला कोणी ओळखतच नसेल तर? सुगरणीत घरटं नर विणतो. अर्धवट विणलेलं मादी येऊन बघते, पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर तो दुसरं विणायला घेतो. यात विनोद बाहेरून आणावा लागत नाही.

मी हे चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मोराची चित्रकथा काढली होती. आकाशकंदील, पणत्या आणि मधोमध पिसारा फुलवलेला मोर. संपादकांना आवडली, मलाही आवडली. महिन्याभरानं एका शाळकरी मुलाचं पोस्टकार्ड आलं: ‘काका, आमच्याकडचे मोर दिवाळीत बांडे असतात.’ बरोबर होतं त्याचं. पावसाळा सरताना मोराची लांब पिसं झडतात, पुन्हा वाढायला काही महिने जातात. बांडा मोर दिवाळीच्या फराळाला कोणत्या तोंडानं जाईल, ही खरी गोष्ट होती आणि ती माझ्या हातून निसटली. तुला देऊन टाकतो.

आता संवादाच्या फुग्यांबद्दल. तू चित्र पुरं करून उरलेल्या जागेत मजकूर कोंबतेस. मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो आणि खाली उकार. दोन ओळींत पुरेसं अंतर नसेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. म्हणून पेन्सिलीनं आधी मजकूर लिही, त्याभोवती फुगा काढ, मग चित्र. आणि पावसाचे आवाज इंग्रजीवरून उचलू नकोस. भुरभुर, रिपरिप, झड, संततधार आणि वळीव या पाच पावसांची रेघ वेगवेगळी यायला हवी. एक पान नुसतं त्याचा सराव कर, प्राणी नकोत.

छपाईचं थोडक्यात: पिना मारून बांधायचं असेल तर पानं चारच्या पटीत ठेव आणि संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मवाळ उतरतो, तेव्हा आधी एक नमुना काढून बघ. दचकवायचं असेल ते डाव्या पानावर ठेव, म्हणजे पान उलटल्यावरच दिसेल.

नऊही अंक एकदम घेऊ नकोस. एकटीनं पंधरवड्याला एक अंक निघत नाही, हात मोडेल. यंदा बेडूक, म्हैस आणि मेंढा. पहिला मृगाला हवा असेल तर पेन्सिलीचं काम चैत्रात संपायला हवं. बेडकाच्या आठ पानांचे कच्चे आराखडे पाठव, अंगठ्याएवढे चालतील, रंग नको.

तुझा,
काका

ता. क. अक्रोड खाणाऱ्या त्या खारीचं शेपूट मात्र फेकू नकोस. तेच शेकरूला लाव, फक्त अंगापेक्षा लांब कर, आणि तिला जमिनीवर उतरवू नकोस. भीमाशंकरला गेलीस की मान वर करूनच फिर.