साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला फिरायला नेताना गल्लीतील कुत्री अंगावर येतात, काय करावे?

आपण लिहिले आहे की, आपले पिल्लू साडेतीन महिन्यांचे आहे, गल्लीच्या तोंडाशी चार-पाच भटकी कुत्री बसलेली असतात, गेल्या आठवड्यात त्यांतील एकाने पिल्लाला मानेला धरून खाली दाबले आणि तेव्हापासून ते फाटकाबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. अशा वेळी पिल्लाला उचलून घ्यावे का आणि हातात काठी बाळगावी का, असे आपले दोन प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे पुढे दिली आहेत. परंतु त्याआधी मला विचारावेसे वाटते की, त्या दिवसानंतर पिल्लाला डॉक्टरांना दाखवले का? कुत्र्याचा सुळा रुततो तेव्हा वरून ज्वारीच्या दाण्याएवढे भोक दिसते आणि केसांच्या आड तेही दिसत नाही, पण आत कातडी मांसापासून सुटलेली असते आणि तीन-चार दिवसांनी तेथे पू धरतो. मानेवरचे आणि खांद्यावरचे केस उलट्या दिशेने सारून, बोटांनी चाचपून पाहा; कोठे खपली, सूज किंवा हाताला गरम लागणारी जागा आढळली तर आजच जा. रेबीजची पहिली लस साधारणपणे तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात, म्हणजे आपल्या पिल्लाला ती नुकतीच मिळाली असेल किंवा राहूनही गेली असेल. दात लागल्याची शंका जरी असली, तरी लस झाली आहे असे म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

मी पुण्यात धायरीला राहतो आणि माझी भुरी ही गावठी कुत्री रस्त्यावरच सापडलेली आहे. ती तीन महिन्यांची असताना जे घडले ते सांगतो, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. आमच्या कोपऱ्यावर विजेच्या डीपीशेजारी बांधकामाची वाळू टाकलेली असे आणि त्या ढिगावर एक काळा कुत्रा झोपत असे. डिसेंबरातील सकाळ होती. तो उठला, त्याने आळस दिला नाही, अंग झाडले नाही. तोंड मिटलेले, शेपूट ताठ वर, फक्त शेंडा थरथरत होता आणि नजर भुरीवरून हलत नव्हती. मी हातातला पट्टा खेचून घेतला, ती केकाटली, मी घाबरून तिला डोक्याच्या उंचीपर्यंत उचलले आणि त्याच क्षणी त्याने उडी मारली. दात माझ्या स्वेटरच्या बाहीत अडकले, हाताला लागले नाहीत. शेजारच्या टपरीवरील दादांनी पाण्याची बादली ओतली म्हणून तो हटला. पुढे महिनाभर भुरी त्या डीपीच्या दिशेने चालत नव्हती.

त्या सकाळी माझ्या तीन चुका झाल्या. पट्टा ताणला की पिल्लाला मागे सरता येत नाही, लोळण घेता येत नाही, आणि मोठ्या कुत्र्याला शांत करण्याचा त्याच्याजवळचा एकमेव उपाय आपणच काढून घेतो. लहान पिल्लू पाठीवर पडून पोट दाखवते, कधी थेंबभर मुतते; बहुतेक प्रौढ कुत्री हे पाहून वास घेतात, क्षणभर उभी राहतात आणि निघून जातात. दुसरी चूक उचलण्याच्या पद्धतीत होती. केकाटणारी, हवेत वर जाणारी वस्तू पाहिली की कुत्र्याला तिच्यावर झेप घ्यावीशी वाटते. तिसरी चूक मात्र त्या सकाळच्या आधीची होती आणि तीच सर्वांत मोठी होती: पिल्लाला घेऊन त्या रस्त्याने निघण्यापूर्वी त्या कुत्र्यांना मी ओळखत नव्हतो आणि ती मला ओळखत नव्हती.

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, पुढील आठ दिवस पिल्लाला घरी ठेवून आपण एकट्याने त्या गल्लीतून फिरावे. सकाळ-संध्याकाळ, ठरलेल्या वेळी, हळू चालत जावे, कुत्र्यांकडे रोखून पाहू नये, दुरूनच दोन-चार बिस्किटांचे तुकडे टाकून पुढे निघून जावे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत आपल्याला कळू लागते की कोण पुढे येऊन भुंकतो, कोण त्याच्या आधारावर भुंकतो, कोणाला ऐकू कमी येते, कोणाची हद्द कोणत्या फाटकापाशी संपते. गल्लीत त्यांना रोज पोळी-भात घालणारी एखादी काकू किंवा रात्रपाळीचा वॉचमन असतोच, त्यांच्याशी बोलावे. आमच्या येथील काकूंनी मला पाच मिनिटांत जे सांगितले ते मला पाच महिन्यांत कळले नसते: काळ्याच्या मागच्या पायावरून रिक्षा गेली होती आणि झोपेत असताना कोणी जवळून गेले की तो बिथरत असे. त्यानंतर मी वाळूच्या बाजूने न जाता समोरच्या कडेने जाऊ लागलो आणि लांबूनच त्याच्या नावाने साद घालू लागलो, म्हणजे तो दचकून उठत नसे. एवढ्याने निम्म्याहून अधिक भांडण मिटले. बिस्किटे मात्र एकट्याने जातानाच टाकावीत. पिल्लू सोबत असताना खाऊ घातले तर चारही बाजूंनी कुत्री गोळा होतात आणि त्यांच्या आपापसातील झटापटीत पिल्लू सापडते.

वेळेचाही विचार करावा. भटकी कुत्री पहाटे आणि रात्री उशिरा सर्वांत जास्त सावध व टोळीने असतात; उन्हे वर आली की पांगून गाड्यांखाली झोपतात. थंडीत सकाळी नऊ-दहाची वेळ त्यामुळे चांगली. उन्हाळ्यात त्या वेळीही डांबर तापते, तेव्हा आधी आपल्या हाताची पाठ रस्त्यावर टेकवून पाहावी. ऋतूचे तर फारच महत्त्व आहे. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे आणि त्या दिवसांत नर एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात; त्यानंतर सुमारे 63 दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास, कुत्र्या वितात. व्यालेली कुत्री परक्या पिल्लालाही जवळ येऊ देत नाही आणि ती नेहमीसारखी आधी भुंकून इशारा देईलच असे नाही. एरवी गरीब असलेली कुत्री एकदम अंगावर येऊ लागली, तर जवळच्या गटाराच्या फरशीखाली किंवा उभ्या टेम्पोखाली पिल्ले आहेत का ते पाहावे आणि महिना-दीड महिना तो रस्ताच सोडावा.

आता प्रत्यक्ष कुत्रा समोर आला तर काय करावे, ते सांगतो. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, ही समजूत मनातून काढून टाकावी. सैल कंबरेसह डावी-उजवीकडे हलणारी शेपूट आणि काठीसारखी उभी, शेंड्याशी थरथरणारी शेपूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केलेला कुत्रा खेळायला बोलावतो. मिटलेले तोंड, स्थिर नजर आणि पाठीवरचे उभे केस असलेला कुत्रा एक-दोन क्षणांत काहीतरी ठरवणार असतो. जो दुरूनच भुंकतो त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. जो आवाज न करता सरळ रेषेत येतो, त्याची वाटते.

तो दुरून दिसला, की लगेच वळावे. घाई न करता, रस्ता ओलांडून किंवा एखाद्या उभ्या गाडीची आड घेऊन. सोबत असलेले पिल्लू छोटे असेल तर उचलण्याची योग्य वेळ हीच आहे, कुत्रा वीस-पंचवीस पावलांवर असताना. एक हात छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली घालून, शांतपणे उचलून, ते आपल्या छातीशी घट्ट धरावे आणि कुत्र्याकडे पाठ न करता खांदा करावा. यासाठी गळ्यातील पट्ट्यापेक्षा छातीपट्टा, म्हणजे हार्नेस, चांगला. ओढ बसली तरी गळा आवळत नाही आणि वेळ पडली तर त्याच्या पाठीवरील पट्टी धरून पिल्लू मागे घेता येते. लांब होत जाणारी दोरी या वयात मुळीच वापरू नये. कुत्रा दोन पावलांवर येऊन ठेपला असेल तर मात्र उचलू नये. पिल्लाला आपल्या पायांमागे घेऊन, पट्टा सैल ठेवून, स्वतः मध्ये उभे राहावे. पळू तर कधीच नये. खड्या, खालच्या आवाजात एकदा ‘हाड!’ म्हणावे. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांनी हा शब्द जन्मभर ऐकलेला असतो आणि किंचाळण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

काठीविषयी माझे मत सावध आहे. हातात दिसेल अशी धरून ती जमिनीवर टेकवत चालण्यास हरकत नाही, पण ती उगारून किंवा दगड मारून मिळवलेली शांतता त्या एका दिवसापुरती असते. ज्याने मारले त्याचा वास आणि चाल कुत्री विसरत नाहीत आणि पुढच्या वेळी आपल्यासोबत पिल्लू असते. खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणला की बहुतेक भटकी कुत्री चार पावले मागे जातात. हा उपाय अगदी अडचणीच्या क्षणासाठी राखून ठेवावा. मी स्वतः छत्री बाळगतो. बटण दाबून उघडणारी छत्री कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये फटकन उघडली की त्याच्यासमोर एकाएकी भिंत उभी राहते आणि कोणालाही इजा होत नाही. फक्त घरात चार-पाच दिवस, आधी लांबून आणि नंतर जवळून, छत्री उघडून पिल्लाला खाऊ द्यावा, नाहीतर सर्वांत आधी तेच घाबरून पट्टा तोडेल.

एवढे करूनही झुंज लागलीच, तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नये. पाणी ओतावे, छत्री किंवा पिशवी मध्ये सारावी. सोबत दुसरे कोणी असल्यास त्याने मोठ्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय धरून मागे ओढावे. आपल्याला दात किंवा नख लागले तर घरी जाऊन हळद लावत बसू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजविरोधी लस सुरू करावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. रक्त आले असेल तर लशीखेरीज जखमेत रेबीजविरोधी सीरम (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देण्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे आणि एकही डोस चुकवू नये, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपचार उरत नाही.

गल्लीतील कुत्री उचलून दुसरीकडे सोडा, असा सल्ला आपल्याला शेजारी देतील. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला सर्वसाधारणपणे त्याच जागी परत सोडावे लागते, आणि त्यात तथ्य आहे. जुनी कुत्री गेली की मोकळ्या हद्दीत नवी, अनोळखी कुत्री येतात. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात; अशी खाच नसलेली कुत्री दिसली तर त्यांच्या नसबंदीसाठी महापालिकेकडे तक्रार नोंदवावी. सोसायटीतील एखाद्याचा पाळीव कुत्रा मोकळा सुटून अंगावर येत असेल तर गोष्ट वेगळी. मालकाशी आधी बोलावे, नंतर लेखी द्यावे. प्राण्याबाबत असा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली गुन्हा आहे.

राहिला प्रश्न आपल्या पिल्लाच्या भीतीचा. त्याला ओढून बाहेर नेऊ नये आणि ‘काही होत नाही’ म्हणत पुनःपुन्हा त्याच कोपऱ्यावर उभेही करू नये. पहिले काही दिवस फाटकाच्या आतच पायरीवर त्याच्याजवळ बसा, रस्त्यावरून कुत्रा जाताना दिसला की प्रत्येक वेळी त्याच्या तोंडात उकडलेल्या कोंबडीचा लहानसा तुकडा द्या, आणि ते स्वतःहून एक पाऊल पुढे टाकेल तेवढेच पुढे जा. लसीचे सर्व डोस पूर्ण झालेले नसतील तर त्याला रस्त्याच्या कडेची माती हुंगू देऊ नका, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाचा विषाणू विष्ठेतून मातीत गेला की महिनोन्महिने टिकतो. तोपर्यंत कडेवर घेऊन गल्ली दाखवली तरी चालते. ओळखीतील एखादी शांत, लस झालेली, वयस्क कुत्री असेल तर तिच्यासोबत एखाद्या बंद अंगणात अर्धा तास घालवू द्या. भुरीला आमच्या मजल्यावरील अकरा वर्षांच्या लॅब्रॅडोर कुत्रीने पुन्हा बाहेर काढले. ती पुढे संथ चालत असे, भुरी तिच्या पोटाला चिकटून, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या दोघी डीपीसमोरून गेल्या तेव्हा काळ्याने वाळूवरून नुसती मान वर केली आणि पुन्हा पायांवर टेकवली.