बारा दिवस झाले, गोळीचा गुण का येत नाही?

प्रश्न: माझ्या यजमानांचं वय 54. गांधीबागेत कापडाचं दुकान आहे. दिवाळीपासून दुकानात जाणं सोडलंय. पहाटे तीनला जाग येते, मग नुसते छताकडे पाहत पडून राहतात. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्य सांगून एसिटालोप्राम सुरू केली. पहिला आठवडा 5 मिलिग्रॅम, नंतर 10. आज बारावा दिवस. मन जसंच्या तसं, उलट मळमळ आणि अस्वस्थपणा वाढलाय. दीर म्हणतात, "वहिनी, बंद करा, सवय लागेल." काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, गोळी बंद करू नका. तुम्ही बारा दिवस मोजलेत, पण 10 मिलिग्रॅमचा डोस त्यांच्या पोटात जाऊन जेमतेम पाच दिवस झालेत. या औषधाचा गुण साधारण दोन ते चार आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता यायला सहा ते आठ आठवडेही लागतात.

मग मळमळ लगेच कशी आली? गोळी घेतल्यावर काही तासांतच मेंदूत पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, वाढतं. पण ते सोडणाऱ्या पेशींवर जणू पहारेकरी बसलेले असतात. सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीला आवरतं घ्यायला लावतात. हा पहारा सैल पडायलाच काही आठवडे जातात, असं मानलं जातं. पोटाला अशी वाट पाहावी लागत नाही, कारण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं. म्हणून त्रास आधी येतो आणि आराम मागून. मळमळ बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत ओसरते. तोवर गोळी नाश्ता झाल्यावर द्या.

नवी नवी प्रॅक्टिस होती तेव्हा एका शिक्षकांना मी हे सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांनी नवव्या दिवशी औषध टाकून दिलं आणि पुढचे चार महिने अंधारात काढले. ती चूक माझी होती. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कॅलेंडर समोर ठेवूनच बोलते.

तुम्हीही एक वही करा. "मन कसं आहे?" असं त्यांना रोज विचारू नका, बिचारे काय सांगणार! झोप किती झाली, पोळ्या किती खाल्ल्या, दाढी केली का, एवढंच लिहा. बरेचदा झोप आणि भूक आधी सुधारते, उदासी सगळ्यात शेवटी हटते. फरक पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतो. एखाद्या सकाळी ते आपणहून 'शुक्रवारी' नावाच्या तलावापर्यंत चालून आले, तर तेही तारखेसह नोंदवा.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. कधीकधी अंगात बळ आधी येतं आणि निराशा तशीच राहते. "माझं ओझं झालंय", "मी नसलो तर बरं" असं काही बोलले, एका जागी बसवेनासं झालं किंवा झोप पारच उडाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि त्यांना एकटं सोडू नका. रात्र असेल तर जवळच्या हॉस्पिटलच्या आकस्मिक विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र सुरू असतो, तिथं मराठीत बोलता येतं.

दिरांना सांगा, या गोळीची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही. मात्र एकदम थांबवली तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटतं, म्हणून डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. तीही बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने चालू ठेवून. आणि हो, कंबरदुखीसाठी ते मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणत असतील तर डॉक्टरांना सांगा. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

पूर्ण डोसचे चार आठवडे होऊनही वहीत काहीच हललेलं दिसलं नाही, तर डॉक्टर डोस वाढवतील किंवा औषध बदलतील. पहिलं औषध लागू न पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, त्याला हार समजू नका. पुढच्या भेटीला वही घेऊन तुम्ही स्वतः सोबत जा. आणि पहाटे तीनला त्यांच्यासोबत तुम्हीही जागत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा.