मामाच्या दुकानातलं काम रेझ्युमेत लिहायचं का?

प्रश्न : यंदा बी.कॉम. झाले, ५८ टक्के. टॅली आणि एमएस-सीआयटी केलं आहे. झेरॉक्सच्या दुकानातून तीन पानी रेझ्युमे करून घेतला आणि अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी वीसेक ठिकाणी पाठवला. एकही फोन नाही. दोन वर्षं मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात संध्याकाळी बिलं करत होते, पण घरचंच म्हणून ते लिहिलं नाही. काय चुकतंय? – एक वाचक, बार्शी

उत्तर : तेच चुकतंय. ५८ टक्क्यांची काळजी नंतर करा.

दुकानाचं नाव, गाव, कालावधी आणि ‘अर्धवेळ’ असं लिहून खाली काम मांडा : ‘टॅलीत रोज २५–३० विक्री व खरेदी व्हाउचर, महिनाअखेरीस बँक स्टेटमेंटशी मेळ, थकीत उधारीची यादी, जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रासाठी तपशील सीएंच्या ऑफिसला.’ आकडे अर्थात तुमचे, आणि जे केलंच नाही ते नको. नातं लिहायची गरज नाही; मुलाखतीत विचारलं तर सरळ सांगा.

लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर उलटा प्रश्न येणार हे धरून चाला. ‘टॅली येतं’ म्हटलं की विचारतील, काँट्रा व्हाउचर कधी? रोकड बँकेत भरली किंवा बँकेतून काढली की. क्रेडिट नोट? गिऱ्हाइकाने माल परत केला की. आयजीएसटी कधी लावायचा? माल परराज्यात विकला की; राज्यातल्या राज्यात सीजीएसटी आणि एसजीएसटी. ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ लिहिणारे बहुतेक जण व्हीलुकअपलाच, म्हणजे तक्त्यातून हवी ती नोंद शोधणाऱ्या सूत्रालाच, अडखळतात. येत नसेल तर साधं ‘एक्सेल’ लिहा, त्यात कमीपणा नाही.

आता ती तीन पानं. झेरॉक्सवाल्याचा नमुना लग्नाच्या बायोडेटाचा चुलतभाऊ असतो. वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटची प्रतिज्ञा, सगळं काढा. आधार क्रमांक तर मुळीच नको, तुमची फाइल कुणाकुणाकडे जाते ते कळत नाही. उरलेलं एका ए-फोर पानात बसतं : वर नाव, शहर, मोबाइल, ईमेल; मग ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ऐवजी कुठलं काम हवं आणि कधीपासून येऊ शकता याची एक ओळ; मग काम, कौशल्यं, शिक्षण. अक्षर ११ पॉइंटचं.

वीस ठिकाणी एकच प्रत पाठवू नका. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ असेल तर तुमची बँक स्टेटमेंटशी मेळाची ओळ, जाहिरातीच्याच शब्दांत, सर्वांत वर घ्या. पाठवताना वर्डमधून थेट पीडीएफ करा. छापील कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो आणि दोन रकान्यांचे रंगीत साचे टाळा. पोर्टलवरचं सॉफ्टवेअर फोटोतली अक्षरं वाचेलच असं नाही आणि रकान्यांतला मजकूर एकमेकांत मिसळू शकतो. फाइलला स्वतःचं नाव द्या, ‘न्यू फायनल २’ नव्हे.

काही पतसंस्था मात्र अजून स्वहस्ताक्षरातला मराठी अर्ज मागतात. तिथे तोच द्या, रेझ्युमे मागे जोडा.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी एटीकेटी होती, आता सुटली. लिहावी का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको. अंतिम निकाल आणि वर्ष पुरे. फॉर्ममध्ये विचारलं तर मात्र खरं लिहा. रुजू होताना सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका मागू शकतात.