फिल्म की डिजिटल? आधी वर्षभर डिजिटलच

हे बघ, फोटो काढायला शिकताना रोलचा फिल्म कॅमेरा घ्यावा की डिजिटल, असं विचारतोयस ना, फिल्मचा नाद वाईट नाही, मला स्वतःला आहे, पण सुरुवात डिजिटलवरच कर. रोलमध्ये ३६ फोटो, आणि काय चुकलं ते कळेपर्यंत रोल धुऊन स्कॅन होण्यात आठवडा जातो, तोवर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, किती ठेवलेलं तेच विसरलेला असतोस.

एकदा पहाटे दादरच्या फुलबाजारात जा. ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, झेंडूचे ढीग, डोक्यावर टोपल्या घेऊन पळणारी माणसं. डिजिटलवर आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० करून मोकळा होशील, आयएसओ ४००च्या रोलवर शटर १/१५ सेकंदावर येतं आणि सगळं हललेलं. माझा तर पहिला रोल अख्खाच गेला, नीट अडकवलाच नव्हता, रिवाइंडची खुंटी फिरत नव्हती, म्हणजे फिल्म पुढे सरकतच नव्हती, आणि माझं लक्षच नाही, आकडा ३६च्या पुढे गेला तेव्हा कुठे ट्यूब पेटली!

तरी फिल्म कॅमेरा घ्यायचाच असेल तर फोर्टात बोरा बाजारला जुने मिळतात. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बघ, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ते फंगस, म्हणजे बुरशी, गुपचूप परत ठेव. आपला पावसाळा माहितीये ना, कॅमेरा कपाटात कपड्यांत कोंबू नको, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव, डिजिटलसुद्धा. आणि हो, एक्स्पोजरचं, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा त्याचं, गणित उलटं होतं, कलर निगेटिव्हला, म्हणजे साध्या रंगीत रोलला, एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड आरामात चालतो, कमी पडला की सावल्या चिखल होतात, डिजिटलमध्ये मात्र पांढरं जळालं की ते परत येत नाही.