तळणीची चव, चमचाभर तेलात: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत: तेल कमी केलं की पदार्थ एक तर ओलसर राहतो, नाही तर दगड होतो. याचं मूळ पाण्यात आहे. कुरकुरीतपणा येतो तो पिठातलं पाणी झपाट्यानं निघून गेल्यामुळे. १७५ अंश सेल्सिअसचं तेल हे काम काही मिनिटांत करतं. तवा, आप्पेपात्र, ओव्हन, एअर फ्रायर तेच काम सावकाश करतात, म्हणून त्यांच्यासाठी पीठही वेगळं भिजवावं लागतं. खाली चहाचा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली धरला आहे.

पावसाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून दोनदा मिरची भजी होतात. एअर फ्रायर आणला, पण पीठ गळून जाळीला चिकटतं आणि मिरची उघडी पडते. काय चुकतं? (शहापूर, बेळगाव)

एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा असलेला छोटा ओव्हन. कढईत सोडलेलं पातळ पीठ तेल लागताक्षणी धरतं. गरम हवेत धरायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर ते ओघळून गेलेलं असतं. म्हणून पीठ आधी तव्यावर धरवून घ्या आणि एअर फ्रायरकडे फक्त वाळवायचं काम ठेवा.

लांब, कमी तिखट अशा ८ मिरच्या घ्या. उभी चीर देऊन बिया काढा आणि फडक्यानं अगदी कोरड्या पुसा. आतून ओवा, मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ बोटानं फिरवा. बाहेरून कोरडं बेसन भुरभुरा. हे टाळू नका, कारण मिरचीची साल गुळगुळीत असते आणि कोरड्या पिठाशिवाय ओलं पीठ तिच्यावरून घसरतं. १०० ग्रॅम बेसन, २ मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा चहाचा चमचा मीठ, हळद आणि साधारण १०० मिली पाणी. पाणी एकदम ओतू नका. चमच्याच्या पाठीवर पीठ जाड बसलं की थांबा. दहा मिनिटं झाकून ठेवा. सोडा अजिबात नको. तव्यावर तो पीठ पसरवतो आणि कढईत पिठाला जाळी पाडतो. त्या जाळीत तेल भरतं.

लोखंडी तवा चांगला तापवून २ चहाचे चमचे तेल फिरवा. मिरच्या सुट्या ठेवून मध्यम आचेवर चार मिनिटांत सगळ्या बाजूंनी फिरवा. मग आधीच तापवलेल्या एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर ७ ते ८ मिनिटं. मिरच्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की मधली वाफ अडकते आणि तिथे पीठ ओलं राहतं.

गाड्यावरच्या भज्यासारखं फुगीर कवच यात येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. येतं ते पातळ, खमंग, धिरड्याच्या कडेसारखं. अर्ध्या तासात मिरचीचं पाणी कवचात उतरतं, म्हणून ताटात गरमच वाढा. सोबत गिरमिट करा. चुरमुरे, कांदा, टोमॅटो, डाळ्याचं पीठ यांनी पोट भरतं आणि दोन मिरच्यांवर हात थांबतो.

आप्पेपात्रात बटाटेवडे केले तर मधले करपतात आणि कडेचे कच्चे राहतात. (निपाणी)

आमच्या मते कमी तेलात सर्वांत चांगला जमणारा पदार्थ हाच आहे, त्यामुळे सोडून देऊ नका. घरच्या गॅसची आच मधल्या खळग्यांना जास्त लागते. पात्र दर मिनिटाला पाव फेरा फिरवा. त्याहून सोपं म्हणजे पात्राखाली जाड तवा ठेवा.

अर्धा किलो बटाटे सालासकट कुकरच्या डब्यात, पाणी न घालता वाफवा. पाण्यात बुडवून उकडलेला बटाटा पाणी पितो, मग सारण ओलं होतं आणि वडा आतून पिठाला मऊ करतो. कुस्करून पूर्ण गार होऊ द्या, त्यानंतरच आलं-लसूण-मिरची आणि फोडणी घाला. खळग्यापेक्षा थोडे लहान, साधारण ३५ ग्रॅमचे गोळे करा, चौदा-पंधरा होतील. वरचं पीठ मिरची भज्यापेक्षा पातळ हवं: १०० ग्रॅम बेसनाला सुमारे १३० मिली पाणी. खळग्यात पाव चहाचा चमचा तेल, त्यावर अर्धा मोठा चमचा पीठ, त्यात गोळा, वरून पुन्हा तेवढंच पीठ. झाकून मंद आचेवर ४ मिनिटं, उलटून झाकण न ठेवता आणखी ४ मिनिटं. दुसऱ्या बाजूलाही झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत वड्यावर पडतं. बहुतेक घरांत वडे मऊ पडतात ते याच चुकीमुळे.

जोंधळ्याच्या चकल्या ओव्हनमध्ये केल्या. चव छान होती, पण आजीच्या दातांना चावल्याच नाहीत. शिवाय सोऱ्यातून तुटत होत्या. (अथणी)

दोन वेगळ्या अडचणी आहेत. तुटतात, कारण जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. तो उकड काढून आणावा लागतो. कडक होतात, कारण कढईत चकलीतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन आत जाळी पडते, तर ओव्हनमध्ये पाणी हळूहळू जातं आणि चकली आतून घट्ट वाळते. तिला खुसखुशीत करायला मोहनच, म्हणजे पिठातच मिसळलेलं तेल, हवं. ओव्हनच्या चकलीत तेल वाचवायच्या नादात मोहन कापलं की ती बिघडलीच म्हणून समजा.

१८० ग्रॅम जोंधळ्याचं ताजं पीठ आणि ५० ग्रॅम डाळ्याचं पीठ घ्या. २०० मिली पाण्यात मीठ, तीळ, ओवा, तिखट आणि ३ मोठे चमचे तेल घालून खळखळून उकळा. गॅस बंद करून पीठ घाला, उलथन्यानं हलवा, १५ मिनिटं घट्ट झाकून ठेवा. कोमट असताना २ मोठे चमचे आंबट दही घालून चांगलं मळा. सोऱ्यात भरण्याआधी एक लहान वळकटी बोटाला गुंडाळून पाहा. चिरली तर ओल्या हातानं आणखी मळा. थेट पाणी ओतू नका.

ओव्हन १७० अंशांवर. पंधरा मिनिटांनी चकल्या उलटा, आणखी १० ते १५ मिनिटं ठेवा. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि चकल्या आतच गार होऊ द्या. शेवटचं पाणी तिथेच जातं. यात सुमारे ३० लहान चकल्या होतात आणि एकूण तेल ४० ग्रॅम, म्हणजे एका चकलीत सव्वा ग्रॅमच्या आसपास. पीठ जुनं असेल तर कडवट लागतं, आणि भाजल्यावर ते जास्तच जाणवतं. आठवड्याच्या आतलं दळण वापरा.

खानापूरच्या पावसात भाजक्या पोह्यांचा चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. (खानापूर)

पोहे तळले नाहीत म्हणून मऊ पडतात असं नाही. ते पुरते वाळलेले नसतात, किंवा गरम असतानाच डबा बंद होतो. पाव किलो पातळ पोहे ओव्हनमध्ये ११० अंशांवर १५ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. ओव्हन नसेल तर रुंद कढईत मंद आचेवर दोन वाट्यांचे घाणे घ्या. पोहा चिमटीत चुरचुरला की झाला. फोडणीला २ मोठे चमचे तेल पुरतं. शेंगदाणे कोरडेच भाजा. कढीपत्ता फोडणीत पूर्ण कुरकुरीत झाला पाहिजे, कारण अर्धवट ओलं एक पानसुद्धा डबाभर ओल देतं. साखर हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात ती वगळा किंवा वाढताना घाला. मऊ पडलाच तर १०० अंशांवर ८ मिनिटं ठेवून पूर्ण गार करा, पुन्हा जमतो.

आमच्या भागातल्या रताळ्यांचे काप एअर फ्रायरमध्ये काळे पडतात. (येळ्ळूर)

रताळ्यात साखर जास्त, म्हणून ती बटाट्याआधी करपतात. २ मिलिमीटरचे काप २० मिनिटं पाण्यात ठेवा, फडक्यावर पूर्ण कोरडे करा, पाव किलोला १ चहाचा चमचा तेल चोळा आणि १५० अंशांवर दर पाच मिनिटांनी हलवत १५ ते १८ मिनिटं भाजा. सोनेरी झाले की काढा. बटाटा-रताळं जास्त तांबूस होऊ दिलं की ॲक्रिलामाइड हा नकोसा घटक वाढतो.

मला मधुमेह आणि रक्तदाब आहे. तेल नसलं की कितीही खाल्लं तर चालेल ना? (चिकोडी)

नाही. तेल कमी झालं तरी बटाटा, पोहे, पीठ तेवढंच राहतं आणि रक्तातली साखर त्यानं वाढते. मिठाचंही तसंच. दिवसभराचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा; खाण्याचा सोडा आणि पापडखार यांतलं सोडियम त्यावर चढतं. दोन आप्पेवडे, सोबत भरपूर काकडी-कांद्याची कोशिंबीर, एवढ्यावर थांबा. औषधं आणि पथ्य यांबद्दल तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

गणपतीत तळण टळत नाही. तेल कमी कसं लागेल, आणि उरलेल्याचं काय करावं? (संकेश्वर)

सणाचं तळण जरूर करा, फक्त नीट करा. पदार्थ तेलात असताना आतली वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेल फारसं आत शिरत नाही. बाहेर काढल्यावर वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यावर घेऊन अर्धा मिनिट कढईवरच निथळा आणि मग जाळीवर, एकावर एक न रचता ठेवा. कागदावर ढीग केला की खालच्या वाफेनं सगळं मऊ पडतं आणि तेलकटही होतं. तेल १७० ते १८० अंशांचं हवं. पिठाची गुंडी तळाला जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आली की तापलं. एका वेळी कढईचा अर्धा भागच भरा. जास्त घातलं की तेल निवतं आणि पदार्थ तेल पीत बसतो.

लाकडी घाण्याचं गाळ असलेलं शेंगतेल फोडणीला उत्तम, पण तळणीत त्यातला गाळ लवकर जळतो. तळायला स्वच्छ गाळलेलं तेल थोडंच, लहान कढईत घ्या.

तळणीच्या तेलात बिघाडानं तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजता येत नाही. तेलाला फेस येणं, चिकटपणा, कमी आचेवर धूर, जुनाट वास या खुणा पाहा. यातली एक जरी दिसली तरी तेल टाकून द्या. न बिघडलेलं तेल कोमट असताना मलमलच्या फडक्यातून गाळा, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा आणि तीन-चार दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. त्यात नवं तेल घालून पुन्हा तळू नका, कारण जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं. टाकायचं तेल मोरीत ओतलं तर पाइपात थिजून बसतं. जुन्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून कचरागाडीत द्या.